मुक्काम पोस्ट भोंगा

१ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. दुकानांच्या पाट्या रंगल्या, कचेऱ्यांचे शिक्के बदलले, रेल्वे स्थानकावर नवी अक्षरे चढली. पण ५८५१०१ हा पिनकोड जागचा हलला नाही, दूरध्वनीचा ०८४७२ हलला नाही, आणि पाच वर्षांनी विमानतळ सुरू झाला तेव्हा त्याच्या वाट्याला जीबीआय ही जुन्या नावाची आठवण ठेवणारी अक्षरेच आली. यात कुणाचा खोडसाळपणा नाही. नाव माणसांच्या अभिमानासाठी असते आणि आकडा वस्तू पोचवण्यासाठी. अभिमान बदलला म्हणून पार्सलाने भलत्या गावी जाऊन चालत नाही. पत्त्याचे महत्त्व या जिल्ह्यात कुणाला शिकवावे लागत नाही. गाणगापूर रोड स्थानकावर उतरलेल्या भाविकाला दत्तमहाराज अजून वीसेक किलोमीटर दूर आहेत, हे रिक्षावाला पहिल्याच वाक्यात समजावून देतो. टपालाला पत्ता लागतो, लग्नपत्रिकेला लागतो, कोर्टाच्या समन्सला तर फारच लागतो. बिनपत्त्याची मोकाट फिरणारी एकच चीज उरली आहे, ती म्हणजे आवाज. चौकातल्या कर्ण्यातून निघालेला आवाज जगत सर्कलवरच्या वाटसरूला, ब्रह्मपुरातल्या परीक्षार्थ्याला, दवाखान्यातल्या रोग्याला आणि ज्याच्यासाठी तो काढला त्या भक्ताला न विचारता गाठतो. त्यातल्या त्यात भक्ताला जरा कमी कळतो, कारण तो बिचारा कर्ण्याच्या ऐन खाली बसलेला असतो. माझे म्हणणे असे की, आपल्या गोंगाटाचे मूळ आवाजाच्या आकारात शोधू नये. तो कुणाला पाठवायचा हे आपण कधी ठरवतच नाही, तिथे शोधावे. आणि हे कसे ठरवायचे ते शिकवणारा गुरू आता साउंडवाल्याच्याच टेम्पोत येऊन बसला आहे.

या गुरूचे नाव नेटवर्क. पूर्वी व्यासपीठापासून मिक्सरपर्यंत मनगटाएवढ्या जाडीची केबल अंथरावी लागे. तिच्यात प्रत्येक माइकसाठी वेगळी तारांची जोडी असे, आणि बरोबर मुख्य पाहुण्यांच्या माइकची जोडी तुटलेली असे. आता मोठ्या सभागृहांत आणि बड्या कार्यक्रमांत आवाजाचे आकडे करून ते संगणकाच्या साध्या केबलमधून धाडतात. सिडनीच्या ऑडिनेट कंपनीने २००६ मध्ये आणलेली दान्ते ही पद्धत त्यात सर्वांत जास्त पसरली. गिगाबिटच्या एका केबलमधून ती ५१२ माइकांचा आवाज नेते आणि तेवढाच परत आणते. नरकाच्या एकेका वर्तुळाचे वर्णन करणाऱ्या इटालियन कवीचे नाव ध्वनियंत्रणेला कसे पडले, असा प्रश्न मिरवणुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्याला पडणार नाही. पुढे २०१३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून एईएस ६७ हा सामाईक नियम आला. या सगळ्या व्यवस्थेची पहिली अट अशी की माइक, मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, प्रत्येकाला स्वतःचा आयपी पत्ता हवा. शून्य ते २५५ मधले चार आकडे, मध्ये टिंबे. एवढाच तो पत्ता. त्यात 'मारुतीच्या देवळामागे', 'पिठाच्या गिरणीसमोर' असली सोय नाही. पत्ता वाटणारा कुणी भेटलाच नाही, तर यंत्र स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एखादा आकडा निवडते, तो आणखी कुणी घेतलेला नाही ना याची चौकशी करते आणि मगच त्यावर बसते. जागा धरण्याआधी चौकशी करण्याची ही रीत यंत्रांना कुणी शिकवली कोण जाणे. ती बस स्टँडवर शिकलेली नाहीत हे नक्की.

एका पत्त्यावर दोघांनी हक्क सांगितला म्हणजे काय होते, हे मात्र महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या वाचकाला समजावण्याची गरज नाही. इथे गावेच्या गावे तशी आहेत. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि पत्ता कुणाचा याचा निकाल अजून यायचा आहे. नेटवर्कमध्ये दोन स्पीकरांना १९२.१६८.१.१० हाच पत्ता पडला, तर आवाज कधी याच्याकडे जातो, कधी त्याच्याकडे, आणि पुष्कळदा दोघेही मुके होतात. फरक एवढाच की, तिथे तंत्रज्ञ एका स्पीकरचा शेवटचा आकडा बदलतो आणि दोन मिनिटांत तंटा मिटतो. आयोग नेमावा लागत नाही. घड्याळाचेही तसेच. शंभर स्पीकर एका सुरात बोलायचे तर सगळ्यांची घड्याळे जुळायला हवीत, म्हणून सगळी यंत्रे मिळून आपल्यातले एक घड्याळ पुढारी म्हणून निवडतात. ही निवडणूक काही सेकंदांत आटोपते, सर्वांत अचूक घड्याळ निवडून येते, आणि हरलेले घड्याळ निकालाला आव्हान द्यायला कलबुर्गीच्या खंडपीठाकडे धाव घेत नाही. पुढारी बंद पडला की दुसरा निवडतात, आणि श्रोत्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. लोकशाहीचा इतका शांत प्रयोग जिल्ह्यात दुसरीकडे पाहायला मिळणे कठीण.

पत्ते ठरले की खरा प्रश्न उभा राहतो: पाठवायचे कसे? याचे तीन मार्ग आहेत, आणि लग्नाची आमंत्रणे करणाऱ्या कुठल्याही घराला ते तिन्ही ठाऊक असतात. पहिला मार्ग, घरोघर जाऊन प्रत्येकाच्या हातात पत्रिका द्यायची. याला युनिकास्ट म्हणतात. दुसरा मार्ग, गावात दवंडी पिटायची की सगळ्यांनी जेवायला यावे, चुली पेटवू नयेत, हे ब्रॉडकास्ट. तिसरा मार्ग, ज्यांना यायचे आहे त्यांनी आधी नाव नोंदवावे, आचारी तेवढ्यांचाच स्वयंपाक करील, हे मल्टिकास्ट. पहिल्यात सौजन्य पुष्कळ, पण पाय मोडतात. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या नेहमीच्या मापाने एका माइकचा आवाज सेकंदाला साधारण ११ लाख ५२ हजार बिट होतो. तोच आवाज पन्नास स्पीकरांना वेगवेगळा पाठवायचा, तर पाठवणाऱ्या यंत्राला पन्नास प्रती काढाव्या लागतात. वरच्या वेष्टणाचा खर्च धरला, तर लहान उपकरणाच्या शंभर मेगाबिटांत एका भाषणापलीकडे फारसे काही मावत नाही. मल्टिकास्टमध्ये तो एकदाच पाठवायचा. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते खास अशा गटांसाठी राखून ठेवलेले आहेत. स्टीव्ह डीअरिंग या संशोधकाने १९८९ मध्ये याचे नियम लिहिले, आणि त्यांतले मुख्य कलम असे की, ज्याला ऐकायचे आहे त्याने स्वतः सांगावे. मध्ये बसलेला स्विच यादी ठेवतो आणि ज्यांनी मागितले त्यांच्याच दारी प्रत टाकतो. एवढ्यावरही त्याचे समाधान होत नाही. दर १२५ सेकंदांनी कुणीतरी पुकारते, 'अजून ऐकताय ना?' लागोपाठ दोन पुकारांना उत्तर आले नाही, तर त्या दाराचा आवाज बंद. आपल्याकडे तीन तासांच्या सत्कार समारंभात हा प्रश्न एकदा जरी विचारला असता, तरी कितीतरी भाषणे पहिल्या दोन मिनिटांतच आटोपली असती.

यावर जाणकार म्हणतील की, मल्टिकास्टचे इतके कोडकौतुक नको. स्विच नीट लावला नाही, तर मल्टिकास्टही सगळ्या दारांवर सारखाच आदळतो. अगदी खरे आहे. यादी ठेवायची सवय नसलेला स्वस्त स्विच गटाचा आवाज प्रत्येक दारात ओततो, आणि मग कचेरीतल्या प्रिंटरलाही समोरच्या सभागृहातले भाषण ऐकावे लागते. वीज वाचवण्यासाठी मधूनच डुलकी काढणारे स्विच असतात, त्यांनी घड्याळे चुकतात. पण या आक्षेपाने माझा मुद्दा पडत नाही, उलट पक्का होतो. व्यवस्था लावली नाही की प्रत्येक पद्धत घसरत घसरत दवंडीवर येते. दवंडी ही कुणी विचारपूर्वक निवडलेली पद्धत नसते. यादी करण्याचा कंटाळा केला की जे उरते ते दवंडी असते. चौकातला कर्णा याच कंटाळ्याचे धातूचे रूप आहे.

आता दुसरी शंका. पत्ते, याद्या, पुकार एवढे सोपस्कार केले तर आवाज पोचणार कधी? सरकारी कागदासारखा टेबलाटेबलावर रेंगाळणार नाही का? याचे उत्तर इंटरनेटच्या जन्मकथेतच आहे. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये जो आराखडा मांडला, त्यात प्रत्येक पाकीट पोचल्याची पावती घ्यायची आणि हरवलेले पुन्हा पाठवायचे, असा भर होता. पत्रांना हे उत्तम. पण त्याच काळात डॅनी कोहेन अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरून माणसाचा आवाज पाठवण्याचे प्रयोग करीत होते, आणि त्यांचे म्हणणे वेगळे पडले: बोलण्यातले एखादे अक्षर हरवले तर चालेल, पण ते दोन सेकंद उशिरा आले तर त्याचा उपयोग शून्य. हा आग्रह आणि असे इतर मतभेद यांतून १९७८ मध्ये पत्ता आणि पावती ही दोन कामे वेगळी झाली. पत्त्याचे काम आयपीकडे गेले, पावतीचे टीसीपीकडे राहिले, आणि १९८० मध्ये पावती न मागणारी यूडीपी ही पद्धत लिहिली गेली. आज नेटवर्कवरचा जिवंत आवाज मुख्यतः तिच्यावरूनच जातो. म्हणजे इंटरनेटचा पत्ता स्वतंत्र होण्यात आवाजाचा मोठा वाटा आहे. आवाजाने पत्ता कमावला आणि आपण तो वाऱ्यावर सोडला. राहता राहिली दिरंगाई. दान्तेची नेहमीची मुदत एक मिलिसेकंद असते. तेवढ्या वेळात हवेतला आवाज जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. श्रोता एक फूटभर मागे सरकला, तर त्याच्या दिरंगाईत तेवढीच भर पडते, आणि त्याबद्दल कुणी तक्रार अर्ज केल्याचे ऐकिवात नाही.

दवंडीत नेमके नुकसान काय होते, ते रेल्वे स्थानकावर नीट दिसते. कलबुर्गीचे स्थानक मुंबई–चेन्नई मार्गावर, मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत घोषणा होतात, त्यामुळे मराठी माणसाला आपली गाडी उशिरा आहे हे तिन्ही भाषांत समजते. पण सोलापूरची वाट पाहणाऱ्यालाही बेंगळुरूच्या गाडीचा क्रमांक एकेका आकड्याने ऐकावा लागतो, उद्यान एक्सप्रेसच्या प्रवाशाला हसन एक्सप्रेसचा फलाट पाठ होतो. पत्ता आहे, पण तो आवाजाच्या पोटात लपलेला. पाकीट प्रत्येकाने फोडायचे आणि आत दुसऱ्याचे नाव निघाले की खाली ठेवायचे. निवड करण्याचे जे काम पाठवणाऱ्याने एकदा करायचे, ते शेकडो कानांनी शेकडो वेळा करायचे, हे दवंडीचे अर्थशास्त्र. आणि कान तरी किती फोडतील? चौथ्या घोषणेला माणूस ऐकणे सोडतो, पाचवी त्याचीच असते.

भौतिकशास्त्रही कर्ण्याच्या बाजूचे नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. व्यासपीठाजवळच्या स्पीकरांच्या एकाच ढिगाने १२८ मीटरवरच्या माणसाला ७५ डेसिबल ऐकवायचे ठरवले, तर ४ मीटरवर बसलेल्याच्या कानात १०५ ओतावे लागतात. म्हणजे पुढच्या रांगेतला मागच्याचे कर्ज फेडतो. मग उपाय म्हणून रस्त्यावर ओळीने कर्णे टांगतात. तारेतला संकेत सगळ्यांना एकाच क्षणी मिळतो, हवेतला आवाज मात्र शंभर मीटरला पावणेतीन-तीन दशांश सेकंद घेतो, त्यामुळे मध्ये उभ्या असलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा, तीनदा ऐकू येतो. कान साधारण ३० मिलिसेकंदांपर्यंतची तफावत पोटात घालतो. त्यापुढे त्याची सहनशक्ती संपते आणि प्रतिध्वनी सुरू होतो. विजापूरच्या गोलघुमटात १६५६ पासून हा खेळ चालू आहे. तिथल्या सज्जात भिंतीशी केलेली कुजबूज घुमटाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाते. विजेची तार नाही, स्विच नाही. पाहुणे मात्र तिथे जाऊन शिट्ट्या मारतात आणि 'ओऽऽ' करतात. कुजबुजीसाठी मिळालेल्या यंत्रात आरोळी ठोकायची, ही आपली जुनी रीत आहे. याउलट गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद पाहावी. तिला उघडे अंगणच नाही, सगळी जागा छताखाली. ज्याला ऐकायचे त्याने आत यावे, हा गटाचा नियम तिथे दगडाचुन्यात बांधलेला आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. शरणबसवेश्वरांचा रथोत्सव असो की ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस, लाखो माणसे जमतात. तिथे कुणाची नावे नोंदवणार? आणि कानाला डबे लावून कीर्तन ऐकणे म्हणजे कीर्तन का? गोव्यात पाळोळ्याच्या किनाऱ्यावर रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपक-बंदीवर हाच तोडगा निघाला: नाचणाऱ्यांनी हेडफोन घालायचे आणि हवा तो चॅनेल लावायचा. बाहेरून पाहणाऱ्याला निःशब्द किनाऱ्यावर शहाणी दिसणारी माणसे हातवारे करताना दिसतात. ते तंत्र साध्या रेडिओचे, पण तत्त्व मल्टिकास्टचे. कीर्तनाला ते चालणार नाही, हे मला मान्य आहे. शेजाऱ्याचा टाळ ऐकू आला नाही तर टाळ वाजवायचाच कशाला? पण पत्ता म्हणजे कानाला डबा नव्हे. एका राक्षसी ढिगाऐवजी माणसांच्या जवळ पुष्कळ लहान स्पीकर लावले, प्रत्येकाला त्याच्या अंतराप्रमाणे उशीर आणि जागेप्रमाणे पातळी दिली, तर मैदानातल्या प्रत्येकाला सारखे ऐकू येते आणि मैदानाबाहेरच्याला झोपता येते. हे पूर्वी अवघड होते, कारण प्रत्येक स्पीकरला वेगळे सांगायचे तर वेगळी तार ओढावी लागे. आता प्रत्येकाला आकडा आहे. बसल्या जागी सांगता येते. नाव भाविकाने नोंदवायचे नाही, मैदानाने नोंदवायचे.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. भोंगा स्वस्त पडतो, जनरेटर सुरू झाला की लगेच ओरडतो. नेटवर्क मात्र लाइट जाऊन आली की आधी डोळे चोळते, पत्ते शोधते, घड्याळाची निवडणूक घेते, मग बोलते. पण भोंग्याचा हिशेब मांडताना आपण फक्त भाड्याचे पैसे धरतो. रोग्याची झोप, पोराचा अभ्यास आणि पुढच्या रांगेतल्यांचे कान ही किंमत वर्गणीच्या पावतीवर छापत नाहीत, म्हणून ती नाही असे ठरते. आणि दवंडी पूर्ण बंद करा, असेही मी म्हणत नाही. भीमेला पूर आला, आग लागली, तर यादी तपासत बसू नये. सगळ्यांना ओरडून सांगावे. चार आकड्यांच्या पत्त्यांचे जुने नेटवर्कसुद्धा 'हा पत्ता कुणाचा?' एवढे विचारण्यापुरती दवंडी पिटते आणि उत्तर मिळाले की गप्प बसते. पुढे १९९८ मध्ये पत्त्यांची आयपीव्ही ६ ही नवी पद्धत पक्की झाली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी ब्रॉडकास्ट साफ वगळला; सगळ्यांना काही सांगायचे असेल तर तोही एक गट समजावा, असे ठरले. अब्जावधी यंत्रांचे जग दवंडीवाचून चालते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कायदा तर याहून पुढे गेला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई केली, निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, दवाखाने, शाळा आणि न्यायालयांभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र आखले. त्याच नियमांत असेही आहे की, कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर आवाज भोवतालच्या मर्यादेहून १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे आवाजाला हद्द आहे, आणि हद्द आहे त्याला पत्ता आहेच; फक्त तो लिहिण्याचे काम कुणी करीत नाही. पोलीस डेसिबल मोजतात, मंडळ वॅट मोजते, शेजारी दिवस मोजतो. उत्सवाची तयारी करणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती आहे: पुढच्या वेळी साउंडवाला दारात उभा राहील तेव्हा 'किती वॅटचा आहे?' हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला विचारा, 'कुणाकुणाला ऐकू जाणार?' त्याला उत्तर देता आले नाही, तर त्याचा टेम्पो आल्या वाटेने परत पाठवा.